चटणीचा प्रश्न

मंद्रूपचे मेजर सयाजी मळगे फौज सोडून परराष्ट्र खात्यात गेले, तेव्हा गावाला नवल वाटले. घरच्यांना वाटले नाही. आई आणि बायको यांच्यामधली सीमा त्यांनी एकही गोळी न झाडता सांभाळली होती.

परदेशातल्या वकिलातीबाहेरून बंडखोरांनी त्यांना पळवून नेले, त्याला सात आठवडे झाले होते. सोलापूरच्या घरी दिल्लीहून अधिकाऱ्याचा फोन आला. मेजर जिवंत असल्याची खात्री करून घ्यायची होती. फक्त तेच उत्तर देऊ शकतील असा एक प्रश्न त्यांच्या पत्नीने, प्रेमलाताईंनी, सुचवायचा होता.

प्रेमलाताईंनी क्षणभरही विचार केला नाही. "विचारा, शेंगाचटणी कुणाची चांगली? आईंची उखळात कुटलेली, की माझी मिक्सरमधली?"

"त्याचा जीव टांगणीला, अन् तुला चटणी सुचतीया व्हय?" सासूबाई दगडाबाई कडाडल्या. दुसरा प्रश्न मात्र त्यांनीही सुचवला नाही.

तीन दिवसांनी उत्तर आले. अधिकारी चाचरत वाचू लागला, "दोन्ही चटण्यांना आपापले स्थान आहे. उभय पक्षांशी चर्चा केल्याखेरीज मत देणे उचित होणार नाही."

प्रेमलाताई डोळ्यांना पदर लावून हसू लागल्या. "तेच आहेत, साहेब. बत्तीस वर्षं हेच ऐकतेय."

"जित्ता हाय माझा सया!" दगडाबाईंनी हात जोडले, मग फोनकडे तोंड केले. "त्याला लवकर आणा की ओ साहेब. तितं बंदुकीपुढं बी खरं बोलंना. हितं मी वदवून घेते."