मोतीलाल निनावेची जुनी यादी

मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यातला मोतीलाल निनावे मागावर बसायच्या कामाचा नाही, हे त्याच्या बापाने, नंदलालने, पोर बारा वर्षांचं असतानाच ओळखलं. आडवं सूत नेणारा धोटा हातातून सुटायचा, किनार वाकडी जायची. पण एक काम त्याला साधायचं. मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, संपत आलं की कोष्टी ते कापून फेकत नाही. फणीत वीतभर जुने धागे तसेच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पीळ देऊन जोडतो. मग जुन्याच्या मागोमाग नवा आपसूक फणीतून पार होतो. हजारो धागे. मोतीलाल दोन दोन दिवस मान वर न करता जोडायचा आणि एक चुकायचा नाही.

"जुन्याले तोडाचं नाही पोरा," नंदलाल सांगे. "जुना आहे तं नवा येते. जुना तुटला का मंग बस बोंबलत."

शहात्तर साली मोतीलाल वैनगंगेकाठच्या कागद कारखान्यात स्टोअरचा कारकून म्हणून चिकटला. दोन वर्षांनी तिथे कॉम्प्युटर आला. तीन गोदरेजच्या कपाटांएवढा, त्याच्यासाठी थंडगार खोली, दारात चपला काढायची सक्ती. कंपनीने परीक्षा घेतली, त्यात मोतीलाल पहिला. सहा महिने हैदराबादेत शिकून परतला तेव्हा बायको शोभा शेजारणींना सांगत फिरली, "आमचे हे आता मशीनसंगं बोलतेत."

आणि बोलतच होता तो. प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, मग कार्डांवर भोकं पाडायची, गठ्ठा मशीनला द्यायचा आणि निकालाची दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट पाहायची. गठ्ठा हातातून पडला तर कार्डं पुन्हा लावता यावीत म्हणून त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने तिरपी रेघ मारायची. आठ वर्षं खपून त्याने कारखान्यातल्या अकरा हजार सुट्या भागांची यादी मशीनमध्ये उभी केली. प्रत्येक भागाला त्याने नंबर दिला. नंबर वाचला की कोणतं रॅक, कोणती फळी, कोणत्या यंत्राचा भाग ते कळे. स्टोअरकीपर पुंडलिकराव फोन करायचे, "मोतीलाल, दोन नंबर मशीनची बेअरिंग कुठी आहे गा?" मोतीलाल यादी न उघडताच सांगायचा.

त्या मशीनची एक सवय त्याला फार आवडे. यादी बदलून त्याच नावाने ठेवली, तरी आधीची पुसली जात नसे. तिच्या शेपटाला एक आकडा लागायचा आणि ती खाली तशीच राहायची. चुकलं तर आधीची वर काढा. "हे तं कोष्ट्याच्या घरची मशीन होये," तो म्हणायचा.

कागदावर छापलेली यादी मात्र टिकत नसे. कारखाना कागदाचा, रद्दी वाया घालवायची नाही असा नियम. नवी यादी छापून आली की जुनी लगद्याच्या हौदात. दर शनिवारी मोतीलाल स्वतः नेऊन टाकायचा.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात फर्मान आलं: जुनी मशीन जाणार, नवी येणार. नवी टेबलावर मावेल एवढी, तिची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, कार्डं बंद, सगळं पडद्यावर. साहेबांनी दोघांना बोलावलं. दुसरा इश्वर, सिहोऱ्याच्या धानवाल्याचा मुलगा, नागपूरहून डिप्लोमा करून आलेला, मोतीलालच्याच हाताखाली शिकलेला.

"ह्या मशीनला एकच माणूस पुरेल," साहेब म्हणाले. "दिवाळीपर्यंत यादी नव्यावर जो चालवून दाखवील तो या खोलीत. दुसरा स्टोअरच्या काउंटरवर."

बाहेर आल्यावर इश्वर म्हणाला, "मोतीभाऊ, मले काई घाई नाही. खुर्ची तुमचीच होये."

"दान नको देऊ बे," मोतीलाल म्हणाला.

कंपनीच्या इंजिनिअरने केबल जोडून यादी नव्या मशीनवर ओतली. जुनी मशीन आणि यादी साठवलेल्या तिच्या तबकड्या ट्रकात घालून हैदराबादला नेल्या; तिथे त्या कोऱ्या करून दुसऱ्याला द्यायच्या होत्या. मोतीलाल ट्रक फाटकाबाहेर जाईपर्यंत उभा होता.

आणि मग पडदा. पहिल्या दिवशी त्याने एक ओळ टाइप केली तर मशीन नुसती टूं टूं करत राहिली. दुसऱ्यांदा केली तर आधीच्या चार ओळी गायब.

"भाऊ, लिवाच्या आधी आयचं बटन दाबा ना," इश्वर मागून म्हणाला. "नाई तं ते प्रत्येक अक्षराले हुकूम समजते."

"म्हणजे लिवाच्या आधी लिहू का म्हणून विचाराचं हिले? बायकोले नाही विचारत मी एवढं!"

इश्वर हसला. मोतीलालही हसला. पण सहा आठवडे तसेच गेले. जिथे इश्वरची बोटं एका दुपारी दहा चुका करून दहा सुधारायची, तिथे मोतीलाल आधी कागदावर लिहायचा, तपासायचा, मग एकेक अक्षर शोधत टाइप करायचा. एस.टी.त बसला की मांडीवर पुस्तक आणि ओठांवर नवे हुकूम. चाळिशीच्या वयात पाठांतर. घरी शोभा विचारी, "आलं का?" तो म्हणे, "येऊन राहिलं."

दिवाळीला बारा दिवस राहिले तेव्हा गुरुवारी सकाळी त्याचा प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरळीत चालला. नीट चालतो का बघायला त्याने बावीस भागांची छोटी यादी केली आणि ती मोठ्या यादीच्याच नावाने ठेवली. त्याचा प्रोग्रॅम तेच नाव वाचत होता, आणि मोठी खाली राहील, तपासून झाल्यावर वर काढू, हे त्याला स्वतःला सांगावंही लागलं नाही. आठ वर्षांची बोटांची सवय.

बावीस भाग पडद्यावर आले, अगदी बरोबर. तो खूश झाला आणि मोठी यादी वर काढायला गेला.

मशीनने सांगितलं, बावीस.

पुन्हा विचारलं. बावीस.

"इश्वर," तो हळूच म्हणाला, "आधीची कुठी राह्यते रे हिच्यात?"

इश्वर खुर्चीवरून उठला. "भाऊ, हिच्यात आधीची नाही राहत. वरून लिवलं का गेलं. टेपवर नक्कल घेतली होती ना तुम्ही?"

टेपवर पहिली नक्कल येत्या शनिवारी घ्यायची होती. जुन्या तबकड्या हैदराबादला. मोतीलाल चपला न घालताच लगद्याच्या हौदाकडे पळाला. शेवटची छापील यादी, आता सगळं पडद्यावर म्हणून, त्यानेच आणून टाकली होती. हौदात पांढरा लगदा गरगरत होता. तो कठड्याला धरून बघत राहिला.

इश्वरने दोन दिवस मशीन उलटीसुलटी केली. काही मिळालं नाही. साहेब ओरडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "निनावे, उद्यापासून स्टोअर."

संध्याकाळी नंदलालने सगळं ऐकून घेतलं. त्याची दृष्टी गेली होती, मागाच्या मोकळ्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. माग विकून तीन वर्षं झाली होती.

"पण जुना धागा तं ठेवला अशीन ना तू फनीत?"

मोतीलालने पाय धुतले, ताटावर बसला आणि तसाच उठला.

अकरा हजार भाग पुन्हा मोजायचे होते, रॅक रॅक करून. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनी तो एकेक भाग उचलून कागदावर उतरवायचा आणि शेजारी आपला जुना नंबर आठवून लिहायचा. कागद इश्वरकडे जायचे, इश्वर ते नव्या मशीनमध्ये भरायचा.

एकदा इश्वर स्वतः स्टोअरमध्ये आला, उभाच राहिला. "मोतीभाऊ, नंबर नका लिवू तुम्ही. उगाच तरास. नवी मशीन आपलाच नंबर टाकते, एकापासून."

"माझे नंबर तू भरत नाही?"

"तिथं जागाच नाही ठेवली, भाऊ."

मोतीलालने मान हलवली. त्या दिवसापासून त्याने नंबर लिहिणं बंद केलं. लिहायचं बंद केल्यावर ते आठवायचेही बंद झाले. आधी पंपांचे गेले, मग पट्ट्यांचे, होळीपर्यंत पार सगळे.

चैत्रात दोन नंबर मशीन बंद पडली. पुंडलिकराव कोपऱ्यातल्या टेबलावरून, बारा हातांवरून, सवयीने ओरडले, "मोतीलाल, दोन नंबरची बेअरिंग कुठी आहे गा?"

मोतीलाल दोन रॅकांच्या मधे उभा होता. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

"इश्वरले विचारा," तो म्हणाला.