गावकाराच्या अंगणातली बांय

ते गाऱ्हाणं आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पेडणे तालुक्यातलं लहानसं गाव. पोस्ट बंद पडलेलं, शाळा शेजारच्या गावात गेलेली. उरलं होतं देऊळ, एक दुकान आणि गावचा पहिला मान असलेल्या म्हाताऱ्या गावकाराच्या अंगणातली बांय, म्हणजे विहीर. मग घरोघर नळ आला आणि थोड्याच दिवसांत कोणीतरी पाइप फोडू लागलं. एकदा त्यातून गटाराचं पाणी आत शिरलं आणि ते पिऊन एक लहान मुलगी इस्पितळात पोचली. तिचं काही खरं नव्हतं.

दुकानदाराचा मला पोलीस ठाण्यात फोन आला. "सायबा, त्या सिंधुदुर्गातल्या कामगाराक धरा. पायप फुटलो काय ताका परत काम गावता."

तर्क बिनतोड होता. पाइप दुरुस्त करणाऱ्या त्या कामगाराला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. "माकाव पोरां आसत, साहेब. पोरांच्या पाण्यात घाण घालीन काय मी?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणाला. खोटं बोलणारा दर खेपेला काहीतरी भर घालतो. हा घालत नव्हता. बाहेर मात्र त्याला बदडायला गाव जमला होता.

त्यातच गावाने देवळात गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाला साकडं घालायचं ठरवलं. मी साध्या वेशात मागे उभा राहिलो. रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं गावकारानेच सांगायचं. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक बरां कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव गरजला.

मागून कोणी ओरडलं, "पायप फोडता ताचो सत्यानाश कर म्हण!"

गावकाराने तोंड उघडलं. शब्द फुटेना. जन्मभर गाऱ्हाणी घातलेला माणूस खाली बसला. सगळा गाव ज्याच्या शब्दावर चालतो, तो?

त्याला बाजूला घेतलं. "बांयर सकाळ-सांज बायलो येताल्यो, उलयताल्यो, गजाली करताल्यो," तो म्हणाला. "नळ इलो आनी आंगणात कोणूच येना जालो. घरात हांव एकटो, सायबा. चेडू वाचतलां मगो?"

नुसत्या कबुलीवर खटला उभा राहत नाही. पाइप फोडायचा, त्यानेच काढून दिलेला कोयता पंचांसमक्ष जप्त केला आणि कामगाराला सोडलं. मुलगी पुढे वाचली.

गुन्ह्यात फायदा कोणाचा, हे शोधायला आम्हाला शिकवतात. कोणाच्या दारात माणसं यायची थांबली, हेही बघावं लागतं, हे मला त्या गावाने शिकवलं. अटक झालेले बहुतेक जण सुटकेचं विचारतात. जीपमध्ये चढताना गावकाराने विचारलं,

"ठाण्यार माणसां आसतली मगो, सायबा?"