रातकिड्याचं उष्टं

हर्षिता नवरी होऊन जळगावच्या त्या घरात आली, तेव्हा जिना चढताना तिने चौथी पायरी गाळली. पायरीची फरशी सैल होती, पाय पडला की डुगडुगायची. घरातली माणसं सवयीने तिच्यावरून ढांग टाकत. पण नव्या माणसाला हे कोणी सांगितलं नव्हतं. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, हातात शालूचा घोळ, अशी ती तिसरीवरून सरळ पाचवीवर गेली. वरच्या अंधाऱ्या खोलीत शिरली आणि हात मागे नेऊन दाराआडचं बटण दाबलं. दिवा लागला.

तिच्या मागून चढणाऱ्या सासूबाई, भंवरीबाई, जिन्यातच थबकल्या. हर्षिताला आपण काय केलं ते उमगलं नाही. लग्नाचा शीण होता. घरं एकमेकांसारखी असतात, तिने मनाशी म्हटलं.

ती धुळ्याची. पाचव्या गल्लीत वडिलांचं वह्यापुस्तकांचं दुकान, वर घर. वय एकतीस. मागे एक साखरपुडा मोडलेला. त्याचं खरं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून जो तो आपापलं कारण सांगे. जैनाचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकत आणि मग पुढची अख्खी संध्याकाळ कोरड्या हौदासारखी पडून राही. सातला टीव्हीवर एक मालिका लागायची, मोठ्या घरात सून म्हणून गेलेल्या ईराची. मालिका ईराला रडवायची आणि तशीच सोडून द्यायची. तिचं जे जगायचं राहून गेलं, ते बघणाऱ्या बायका लिहून काढत. मोबाइलवरच्या गोष्टींच्या एका अ‍ॅपवर त्यांचा गट होता, 'सातनंतर'. पाचोऱ्याची हेमलता तो चालवायची. कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं, सगळ्या टोपणनावांनी वावरत. हर्षिताचं टोपणनाव 'पाचवी गल्ली'. घरात ती बिनलग्नाची पोर होती. तिथे मात्र लोक तिच्या पुढच्या भागाची वाट बघत.

'सातनंतर'मध्ये लाजेचं फारसं काम नव्हतं. कोणी ईराला दिराच्या गळ्यात बांधलं होतं, कोणी सासूला वेड लावलं होतं, एकीने तर नवऱ्याला तापीच्या डोहात तीनदा बुडवला होता. तरी काही गोष्टींना कोणी हात लावत नसे. लहान लेकरांना त्यात ओढायचं नाही. सख्ख्या भावाबहिणीत तसलं काही नाही. खऱ्या माणसाचं नाव नाही, खऱ्या माणसाच्या घरात डोकावणं नाही. आणि सगळ्यांत कडक मनाई उष्ट्याची. दुसरीने अर्धी टाकलेली गोष्ट, कितीही जीव तुटला तरी, पुढे न्यायची नाही. हेमलता म्हणायची, ताट तिचं, घास तिचा. ती अर्ध्यावर उठली तर ताट तसंच राहू द्या, माशा बसल्या तरी चालतील.

ईराला मारायचं नाही, हाही नियम होता. तो एकटीनेच मोडला. 'रातकिडा' तिचं नाव. तिच्या गोष्टीत पहिल्याच भागात ईरा मरते आणि घरात ते कोणाच्या लक्षातच येत नाही. ती फुलके लाटत राहते, माणसं जेवत राहतात. गटात आधी शिव्यांचा पाऊस पडला, मग हळूहळू सगळ्या गप्प झाल्या आणि वाचू लागल्या. मेलेल्या बाईला घर कसं दिसतं ते रातकिड्याने लिहिलं होतं. दुपारी तापलेल्या भिंतींचा वास, वरच्या खोलीच्या कठड्याला लागून असलेला लोखंडी झोका, दाराआडचं बटण. हर्षिता त्या घरातून डोळे मिटून चालू शकली असती.

शेवटच्या भागात मेलेली ईरा वरच्या खोलीत बसलेली असते. जिन्यावर पावलं वाजतात. कोणी नवी बाई वर येते आहे. ईरा ऐकत राहते. पावलं चौथी पायरी गाळतात.

तिथे गोष्ट थांबली. बायकांनी विनवलं, भांडून पाहिलं, देवाची शपथ घातली. रातकिडा पुन्हा किरकिरला नाही.

श्रेयांसचं स्थळ आलं तेव्हा त्याची पहिली बायको विधी जाऊन दोन वर्षं होत आली होती. साधा ताप, तो डोक्यात गेला. श्रेयांसचं दाणा बाजारात डाळींचं दुकान. माणूस शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हर्षिताच्या आईने सुटकेचा निःश्वास टाकला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भंवरीबाईंनी तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची चकती घातली. चकतीवर ठोकून उठवलेली बाईची आकृती, नाक-डोळे नसलेली. दुसरेपणावर आलेल्या सुनेने पहिलीला अशी गळ्यात वागवायची, ही त्यांच्या राजस्थानातल्या गावाकडची रीत. भंवरीबाई चकतीला 'बडी' म्हणत. जे नवं येईल ते आधी बडीला. नवी साडी आधी बडीला लावायची, मग नेसायची. आंब्याची पहिली फोड बडीपुढे, मग आपल्या तोंडात. जैन स्थानकातल्या साध्वीजी सांगत, हे मिथ्यात्व आहे, सोडून द्या. भंवरीबाई हात जोडून हो म्हणत आणि घरी येऊन तेच करत.

"बठ्ठं तिनंच शे आठे, वहिनी," धुणंभांडी करणारी मोगराबाई एकदा सहज म्हणाली. "तुम्ही वाईट नका वाटू देऊ."

वाईट वाटण्यासारखं काही नव्हतंही. सगळं पहिलीचंच होतं, हे खरं. कपाट विधीचं, कपबशा विधीच्या, झोकाही विधीनेच रंगवून घेतलेला. मग हर्षिताचा मोबाइल पाण्यात पडून बंद पडला, तेव्हा भंवरीबाईंनी फडताळातून एक मोबाइल काढून दिला. चांगला चालतो, म्हणाल्या, बडीचा आहे, नवा कशाला. वस्तू टाकणं त्या घराच्या रक्तात नव्हतं.

हर्षिताने तो चार्ज केला आणि सवयीने गोष्टींचं अ‍ॅप उघडलं. आपलं नाव घालायला जाणार, तोच अ‍ॅपने आधीच्याच नावाने तिचं स्वागत केलं. रातकिडा.

बाहेर मे महिन्यासारखं ऊन होतं. ती उठून जिन्याशी गेली आणि वरून त्या चौथ्या पायरीकडे बघत राहिली. आता तिला कळलं की त्या दिवशी आपण घर ओळखलं नव्हतं. आपण त्या गोष्टीत पाऊल टाकलं होतं, नेमकं जिथे ती थांबली होती तिथे.

काही दिवस तिने तो मोबाइल पालथा ठेवला. पण त्यात बायकांच्या हाका येत होत्या. ताई, कुठे आहेस. ताई, बरी आहेस ना. नवी बाई कोण, तिचं नाव तरी सांग. आपला रातकिडा जाऊन दोन वर्षं उलटून गेली, हे त्या पोरींना ठाऊक नव्हतं. आणि लग्नानंतर हर्षिताला स्वतःचं एक वाक्यही सुचलं नव्हतं. 'पाचवी गल्ली' आठवून बघितली तर दुसऱ्या कोणाची वाटायची.

शेवटी तिने लिहिलं. दुपारी, झोक्यावर बसून. नवी बाई खोलीत येते, दाराआडचं बटण दाबते, मेलेली ईरा तिला बसायला जागा देते. लिहून झालं तेव्हा तिला आठवलं की ही नवी वस्तू आहे. तिने मोबाइल चकतीपुढे धरला, पडद्याचा उजेड त्या बिननाकडोळ्यांच्या तोंडावर पडला. मग तिने भाग टाकला, रातकिड्याच्याच नावाने.

गटात दिवाळी झाली. हेमलताने लिहिलं की ताई, तुझा हात हजारांत ओळखू येतो. उष्ट्याला माशा बसू देणारी हेमलता ते चाटूनपुसून खात होती आणि तिला चव कळली नव्हती. हर्षिताला आधी हसू आलं. मग ते तोंडावर तसंच राहिलं.

ती लिहीत गेली. लिहिताना थांबावं लागत नसे, शब्द कोणी पुढून सरकवत असल्यासारखे येत. एका दुपारी भंवरीबाई पाटावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, वाच. हर्षिता गडबडली. त्यांनी समजावलं: विधी दुपारी वाचून दाखवायची. बाईंना मराठी अक्षरं नीट लागत नसत, पण गोष्ट कळायची. मोबाइल हातात देताना त्यांना काय हवं होतं, ते आता उघड झालं. हर्षिता वाचू लागली, त्या डोळे मिटून ऐकू लागल्या. मध्येच हाताने थांबवत. असं नाही, ती इथे दम घ्यायची, म्हणत. हर्षिता तिथे दम घेऊ लागली.

पुढे श्रेयांस जेवताना म्हणाला, आता आमटी जमली, पूर्वीसारखी, आणि घास त्याच्या हातात तसाच राहिला. आधी काय बिघडलेलं होतं ते त्याने सांगितलं नाही. एकदा भंवरीबाईंनी खालून हाक मारली, "विधी." हर्षिता वर कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हातारपणाची चूक, कशाला मन मोडायचं, म्हणून तिने ओ दिली. दुसऱ्या वेळी विचार न करताच तिच्या तोंडून ओ गेली.

गोष्टीत नव्या बाईला अजून नाव नव्हतं. वाचणाऱ्या त्यासाठी मागे लागल्या होत्या. हर्षिता नाव शोधायला बसली की डोक्यात पांढरी भिंत उभी राही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी गेली. धुळ्यात कडुनिंबांना झोके बांधलेले, लेकीबाळी माघारी आलेल्या, गल्लीत आंब्यांचा वास. हर्षिता खिडकीत बसून बाहेर बघत होती. मागे कोणी कोणाला तरी बोलावत होतं, बराच वेळ. कोणाची तरी पोरगी ऐकत नाही, तिला वाटलं. मग आईने येऊन खांदा हलवला. आईचा चेहरा उतरला होता.

"हर्षिता, अगं तुला हाका मारतेय. कान फुटले का?"

ती आईकडे बघत राहिली. ते नाव कानात शिरलं, पण आत त्याला बसायला जागा नव्हती. आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप नव्हता.

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. पारोळा मागे पडला. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी शेतं, त्यावर थरथरणारी हवा. तिने गळ्यातली चकती उलटी फिरवून ब्लाउजच्या आत सारली आणि मोबाइल काढला. या वेळी शब्द कोणी सरकवले नाहीत. एकेक खणून काढावा लागला. एरंडोल येईतो तिची मान आखडली होती.

नवी बाई मेलेल्या ईराला सांगते की तू मेली आहेस. हे तिला आजवर कोणी सांगितलेलं नसतं. ईरा म्हणते, मग मी कुठे बसू? नवी बाई म्हणते, तुझ्याच जागी बस, मी माझी वेगळी करते. ईरा विचारते, तुझं नाव काय. आणि ती सांगते, हर्षिता. खाली तिने लिहिलं: रातकिडा म्हणजे विधी, जळगावची. ती वारली. तिच्यामागचे भाग मी लिहिले, मी तिच्या जागी आलेली. माझं नाव हर्षिता, 'पाचवी गल्ली' मीच. तुम्ही जिला हाका मारत होतात तिच्यासाठी रडा, आता उशीर झालाय तरी.

हे तिने बडीला दाखवलं नाही. तसंच टाकलं.

जळगावच्या स्टँडवर उतरेपर्यंत हेमलताचा निरोप आला होता. "उष्टं खाल्लं असतंस तर एकवेळ पोटात घातलं असतं. तू मेलेलीच्या तोंडाने जेवलीस. आम्हाला शेजारी बसवून." त्यानंतर पडद्यावर काही उघडेना. दोन्ही नावं काढून टाकली होती. जिथे ती कोणी होती असं जगात एकच ठिकाण होतं, ते स्टँडवरच्या गर्दीत, रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजात मिटलं. ती पिशवी घेऊन रिक्षांच्या रांगेशी आली. एका रिक्षावाल्याने नाव विचारलं. आताशा रिक्षा मोबाइलवरून सांगतात, त्याला गिऱ्हाइकाची ओळख पटवून घ्यायची होती. ती म्हणाली, मी नाही बोलावली तुमची रिक्षा, पण नाव हर्षिता. तो विचित्र नजरेने बघून पुढे गेला.

भंवरीबाई दारातच होत्या. तिचा चेहरा आणि चकती न दिसणारा गळा बघून त्या समजल्या, की गोष्ट संपली आणि आपल्याला ऐकवली नाही.

"नवं आधी बडीला दाखवायचं असतं," त्या म्हणाल्या.

"जे तिचं होतं ते दाखवलं, बाईजी. हे माझं होतं."

म्हातारीचे डोळे भरून आले, पण त्या बाजूला झाल्या. हर्षिताने गळ्यातली चकती काढली, वरच्या खोलीत झोक्याजवळच्या खुंटीला अडकवली. पहिली फोड ती तिला रोज देणार होती. पण तिथे, तिच्या जागी.

दुसऱ्या दिवशीची दुपार. श्रेयांस दुकानात, मोगराबाई भांडी घासून गेलेली. हर्षिता खाली स्वयंपाकघरात मूग निवडत होती, भंवरीबाई तिच्यासमोरच पाटावर बसल्या होत्या. घरात तिसरं कोणी नव्हतं. भिंतींना तो तापलेला वास सुटला होता. भंवरीबाईंनी मान वळवून जिन्याकडे बघितलं आणि रोजच्या आवाजात हाक मारली.

"विधी."

हर्षिताची ओ जिभेच्या टोकाशी आली. तिने ओठ मिटले, दात आवळले. मुगाचे दाणे मुठीत रुतले.

वर झोक्याची कडी एकदा कुरकुरली. भंवरीबाई कान देऊन बसल्या होत्या. मग त्यांचा चेहरा सैलावला, जसा उत्तर मिळालेल्या माणसाचा सैलावतो.

"राहू दे, राहू दे," त्या जिन्याकडे बघून म्हणाल्या. "झोप तू. काम नाही काही." आणि हर्षिताकडे वळून, तिला प्रथमच तिच्या नावाने हाक मारत त्या म्हणाल्या, "हर्षिता, सूप इकडे दे. निम्मे मी निवडते."