दोन कड्या

१९९० साल. मी चोपन्न वर्षांचा होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोला नाही, मुलीला नाही, देवापुढे उभा राहिलो तेव्हाही नाही. देवापुढे तर मुद्दाम नाही. त्याला माहीत असेल तर सांगायचं कशाला, आणि माहीत नसेल तर तो देव कसला?

माझं शिक्षण चौथी. वाक्यं तुटक येतील. चालवून घ्या. न घेतलीत तरी मी लिहिणारच आहे.

मँचेस्टरला एका युनिव्हर्सिटीच्या मैदानांवर मी ग्राउंड्समन होतो. युनिव्हर्सिटीचं नाव सांगत नाही. गवत कापायचं, चिखलावर वाळू टाकायची, पांढऱ्या रेघा मारायच्या. सुमन, म्हणजे माझी बायको, हॉस्पिटलात नर्स. ती आधी आली, मी तिच्यामागे आलो. हे एवढं साधं वाक्यसुद्धा मी आज पहिल्यांदाच कागदावर लिहितोय. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं तर मी म्हणायचो, आम्ही आलो.

त्या वर्षी आमच्या पोरांनी अमेरिकन फुटबॉलची चॅम्पियनशिप जिंकली. सगळ्या ब्रिटनमधल्या कॉलेजांत पहिला नंबर. पॅव्हिलियनमध्ये फोटो लागला. त्यात उजव्या टोकाला मी आहे – लोकरी टोपी, गळ्यात पदक. हो, मलाही पदक दिलं त्यांनी. आणि मी घेतलं.

तो खेळ तुम्ही पाहिलाय का? नसेल पाहिला तर काही गमावलं नाहीत. खांद्यावर फोमचे गठ्ठे बांधायचे, डोक्यावर मडकं चढवायचं – मडकीसुद्धा सगळ्यांना पुरेशी नाहीत, एक बाहेर आला की त्याचं घामट मडकं दुसऱ्याच्या डोक्यावर. चार पावलं पळायचं, धाडकन आपटायचं, की शिट्टी. मग सगळे गोल करून कुजबुजणार. आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्यावरून मंडळी बाजूला जाऊन कुजबुजतात ना, तसं. बोलणं झालं की परत चार पावलं. आणि कोण ही पोरं? निम्मी अकाउंटन्सी शिकणारी, निम्मी बियर पिऊन ढेरी सुटलेली. रग्बीवाल्यांनी ज्यांना घेतलं नाही ते इथे. अमेरिकेचं तोंड एकानेही पाहिलेलं नाही, पण टीव्ही बघून बघून नाकात बोलायला शिकलेले.

आणि ह्यांच्यासाठी मला दर पाच यार्डांवर रेघ. अख्ख्या मैदानभर. बटाट्याच्या सऱ्या परवडल्या.

मी त्यांना हसायचो. पण एका गोष्टीने माझी मान तिकडे वळली – साखळी.

नियम एवढाच. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही गेले तर चेंडू दुसऱ्यांना. गेले की नाही हे मोजायला दोन काठ्या, आणि मध्ये दहा यार्डांची साखळी. घरच्या टीमने माणसं द्यायची, ती साखळी घेऊन रेघेबाहेर उभी राहतात. शंका आली की साखळी आत नेऊन ताणायची.

आमच्या पोरांकडे साखळी नव्हती. दोरी होती! ओली झाली की दोरी आखडते, हे पदवी शिकणाऱ्या एकालाही माहीत नाही. मला राहवलं नाही. साखळी म्हणजे माझं बालपण, अहो. चौदाव्या वर्षी मी सातारा जिल्ह्यात मोजणीदाराच्या हाताखाली साखळी धरायला लागलो. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला गुंठा. बांधावरून कोयते काढून उभे राहिलेले सख्खे भाऊ मी पाहिलेत. साखळी ताणली की गप्प. मोजणीदाराच्या तोंडाकडे कुणी बघायचं नाही, माझ्या हाताकडे बघायचे. का? कारण साखळी चोरता येते. कुठे ढील द्यायची, अंगठ्याखाली काय लपवायचं – मला सगळं येत होतं. यायलाच लागतं, नाहीतर दुसऱ्याची चोरी पकडणार कशी? पण नऊ वर्षांत मी एकदाही केलं नाही. कोंबड्या घेऊन आले लोक, परत पाठवल्या.

तर ह्या पोरांची साखळी मीच बनवली. जुन्या कुंपणाच्या साखळीतून, तीन तीन इंचांच्या एकशेवीस कड्या. माझ्या साखळीपेक्षा तीन फूट कमी, पोरखेळच. पण खरी. आणि पहिल्या सामन्यापासून मागची काठी माझ्या हातात. साखळी माझी, तर दुसरा कोण धरणार?

मुख्य पंच असायचे मिस्टर प्रॉक्टर. बोल्टनकडच्या एका शाळेत सुतारकाम शिकवायचे, रविवारी फुकटात शिट्टी वाजवायला येत. प्रत्येक सामन्याआधी खिशातून टेप काढून साखळी मोजणार. मला त्याचा राग नाही आला, बरं का. मोजणारा माणूस मोजलेलंही मोजतो. एकदा त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलात? मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं – बांध, भाऊ, कोयते, सगळं. अर्धा तास उभ्याने ऐकलं त्यांनी. इतक्या वर्षांत त्या देशात मला माझ्या कामाबद्दल विचारणारा तो एकच माणूस. बाकीचे विचारायचे, तिकडे ऊन फार असतं का?

ह्या सगळ्या कहाणीत तिरस्कार करू नये असा तो एकच होता. आणि मी –

थांबा. क्रमाने सांगतो.

सेमीफायनल आमच्याच मैदानावर. मर्सी नदीचं पाणी आठवडाभर चढलेलं, मैदानाची खिचडी. पंच पाच यायचे, तीन आले. समोरची टीम मिडलँड्सची, तगडी. त्यांचा कोच एक लाल मानेचा गडी – टोपी अमेरिकेची, बोली बर्मिंगहॅमची. शेवटची दोन मिनिटं. आम्ही तीन गुणांनी पुढे, पण चेंडू त्यांच्याकडे, आमच्या गोलपासून जवळ. आमची अकाउंटन्सीवाली पोरं वाकून धापा टाकतायत. चौथा प्रयत्न. त्यांचा एक रेडा घुसला, त्याच्यावर वीस जण पडले. ढीग बाजूला झाला. चेंडू पोचला की नाही? नक्की कुणालाच सांगता येईना. प्रॉक्टरांनी हात केला – साखळी आणा.

आता एक गोष्ट समजून घ्या, सगळं तिच्यावर आहे. साखळी आत नेताना ती नेमकी पूर्वीच्याच जागी कशी बसवायची? तर बाहेर असतानाच, साखळी ज्या पांढऱ्या रेघेवरून जाते तिथे तिला एक चिमटा लावलेला असतो. आत गेलं की चिमटा त्याच रेघेवर ठेवायचा आणि पुढची काठी ताणायची. म्हणजे खरंखोटं सगळं त्या चिमट्यात. म्हणून नियम असा, की चिमटा पंचानेच धरायचा. पण पंच तीनच. एक घड्याळापाशी, एक चेंडूवर पाय रोवून, प्रॉक्टर दोन्हीकडच्या पोरांना मागे ढकलतायत. त्यांनी मला हाक मारली, "मिस्टर जगताप, तुम्हीच आणा चिमटा."

कोच ओरडला, "ओ रेफरी! त्या म्हाताऱ्याकडे काय देतोस? त्याला दहापर्यंत मोजता तरी येतं का?"

हशा पिकला. त्यांच्याकडचे हसले. आणि आमचा कॅप्टन – मडकं काखेत धरून उभा होता तो – तोही हसला.

प्रॉक्टर वळले. म्हणाले, "तू पाहिलीही नसशील एवढी जमीन मोजलीय ह्या माणसाने, दोस्ता. गप उभा राहा."

हे शब्द माझ्या कानात होते. त्याच वेळी. हे मी मुद्दाम लिहितोय, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको, की बिचाऱ्याचा अपमान झाला, बाजूला कुणी उभं नव्हतं. होतं.

चेंडू मी लांबूनच पाहिला होता. डोळा सांगतो. चार बोटं पुढे होता. त्यांनी दहा यार्ड पार केले होते. आणखी चार प्रयत्न मिळाले असते तर आमची ती धापा टाकणारी पोरं काही त्यांना अडवू शकत नव्हती. सामना त्यांचा होता.

मागची काठी मी एका पोराकडे दिली, चिमटा उचलला, चालायला लागलो. हातांत ओले हातमोजे होते. चालता चालता अंगठ्याने चिमटा उघडला, मागच्या काठीकडे दोन कड्या सरकवला, बंद केला. नजर समोर. एक पाऊल चुकलं नाही. रेघेवर चिमटा ठेवला, पुढची काठी ताणली गेली, आणि चेंडू चार बोटं मागे राहिला.

एवढंच. दोन कड्या. सहा इंच.

आमच्या पोरांना मी जिंकवलं का? छे. ती हरली असती तर मला जेवण गोड लागलं असतं. मी त्या टोपीला हरवलं. दहापर्यंत मोजता येतं का? येतं. सव्वा नऊ, साडेनऊ, पावणेदहा, जिथे पाहिजे तिथे दहा करता येतं मला. असं वाटलं मला. छाती फुगली होती – खोटं कशाला सांगू?

मिडलँड्सवाल्यांनी तक्रार केली. त्यांच्याकडच्या एका मुलीने बाहेरून फोटो काढला होता, साखळी आत जायच्या आधीचा. त्यात चेंडूचं टोक काठीच्या पुढे दिसत होतं. फोटो तिरपा होता, निकाल बदलण्याएवढा नव्हता, पण संशयाला पुरेसा होता. लीगची तीन माणसं गुरुवारी दुपारी पॅव्हिलियनमध्ये बसली. प्रॉक्टरांना, मला आणि दोन्हीकडच्या पोरांना बोलावलं. साखळी टेबलावर. त्यांनी ती मोजली. तीस फूट, इंचाचा फरक नाही. साखळीत खोट असणार कशी?

मग प्रॉक्टर माझ्याकडे वळले. हळू बोलले. "चिमटा घसरला का, मिस्टर जगताप? हातमोजे ओले होते. घसरला असेल तर तसं सांगा. तुमच्याकडे दिला ही माझी चूक, तुमची नव्हे."

मला दार उघडून दिलं होतं त्या माणसाने. घसरला – एवढा एकच शब्द. सामना पुन्हा झाला असता. प्रॉक्टरांवर ठपका आला असता निष्काळजीपणाचा, आणि महिन्याभरात सगळे विसरले असते. पण घसरला? माझ्या हातून? साताऱ्यात नऊ वर्षं ज्याच्या हाताकडे लोक बघत होते त्याच्या हातून चिमटा घसरला, असं ह्या पोराटोरांसमोर म्हणायचं? चोर होणं मला चाललं. अडाणी दिसणं चाललं नाही.

मी म्हणालो, "माझ्या हातून कधी काही घसरत नाही."

प्रॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. बघा, लाकडाला रंधा मारणारा माणूस, त्याला सरळ आणि वाकडं कळतं. वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "मग घसरला नाही. मी मिस्टर जगतापांचा शब्द मानतो."

निकाल तसाच राहिला. पण फोटो होता, तेव्हा कुणाच्या तरी नावावर काहीतरी जायला हवं होतं. चिमटा घरच्या माणसाकडे का दिला? मुद्दाम दिला का? ठरवून दिला का? फायनलची शिट्टी प्रॉक्टरांकडे होती, ती काढून घेतली. नंतर पंचांच्या यादीतूनच नाव गेलं. प्रॉक्टर विकला गेला, असं मिडलँड्सवाले पुढे कित्येक वर्षं बोलत. ते पुन्हा आमच्या मैदानावर दिसले नाहीत. आज आहेत की नाहीत मला ठाऊक नाही. मी चौकशी केली नाही. बोल्टनकडेच राहत होते, बसने पाऊण तास. गेलो नाही.

त्या गुरुवारी घरी आलो तर सुमनने विचारलं, "काय झालं हो? तुमचं नाव नाही ना आलं कशात?"

"आलं. चांगलंच आलं. माझा शब्द मानला त्यांनी," मी म्हणालो आणि भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी कामावर गेलो. शेडमध्ये फोरमन आणि दोघं चहा पीत होते. फोरमनने विचारलं, "काय रे, खरंच तुझ्या त्या रेफरीने घोळ घातला का?" मी किटलीतून मग भरला, साखर घातली, ढवळली. म्हणालो, "शाळामास्तर तो. मोजणीतलं त्याला काय कळतंय?" तिघेही हसले. मी अजून थोडं सांगितलं – तो प्रत्येक सामन्याआधी खिशातून टेप काढून साखळी कशी मोजायचा, ते वाकून, डोळे बारीक करून, नक्कल करून दाखवलं. त्यांना फार आवडलं. फोरमन म्हणाला, परत कर. मी परत केली.