सासूबाईंची नऊवारी आणि माझी कंबर

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, माफ करावं. चौथीनंतर हातात पेन कमी आणि लाटणंच जास्त राहिलं. ही वही कुणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी.

मी बोरिवलीत तीन घरी पोळ्या करते. दोन वर्षं कंबर दुखत होती. तेल, शेक, पट्टा, सगळं झालं. एक दिवस पंधराव्या पोळीला अशी कळ आली की मी ओटा धरून उभी राहिले आणि तव्यावर पोळीचा कोळसा झाला. त्या घरच्या ताई म्हणाल्या, "महिनाभर बघते. नाहीतर दुसरी बाई ठेवावी लागेल गं."

मग व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. दहा वेळा यायचं, चार हजार रुपये. पैसे मोठ्या जाऊबाईंनी दिले, पण टोमणा मारूनच. "व्यायाम शिकायला पैसे? मग दिवसभर काय करतेस तू?"

मलाही ते पटलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुडघे न वाकवता खाली वाका." मी दोन्ही तळहात फरशीला टेकवले. लाद्या पुसायची सवयच ती. वाटलं, पास झाले. मग म्हणाल्या, "उताण्या झोपून कंबर उचला, दहा मोजेपर्यंत धरा." तीनलाच मी धपकन खाली.

"वाकता छान येतं तुम्हाला. पण पोटात आणि पाठीत ताकदच नाही."

पुढे पाय वर उचलायचे होते. पडद्यापलीकडे एक आजोबा खांद्याचा व्यायाम करत होते आणि माझ्या अंगावर साडी. मी पाय हलवलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी "दुखतंय का?" विचारलं तर लाजेनं हो म्हणाले. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन दिवस नुसता शेक दिला. आठशे रुपये माझ्या लाजेत गेले.

घरी सासूबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही कासोटा घालून गुडघाभर चिखलात भात लावला. कुणाचं काय दिसलं?" आणि ट्रंकेतून हिरवी नऊवारी काढून मला नेसवली.

दवाखान्यातली काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकी, हळदीकुंकू बाजूच्या बिल्डिंगमध्ये आहे."

पण त्या दिवशी पाय वर गेले. कंबरही उचलली. सातला थरथरायला लागले, तर पडद्याआडून आजोबाच ओरडले, "आठ! नऊ! सोडू नका हां, काकी!" लाजून मरायची वेळ होती, पण दहा झाले.

मग रोज सकाळी घरीही नऊवारी नेसून व्यायाम. मुलगी म्हणायची, "आई, आज पण लग्न आहे का?" महिना संपताना ताईंकडे पाहुणे होते. तीस पोळ्या लाटल्या, ओटा धरला नाही. ताईंनी दुसऱ्या बाईचं नावच काढलं नाही.

जाऊबाईंना दरमहा पाचशे देत गेले. शेवटच्या पाचशेत सुट्टी नाणी होती. मोजताना दहाचं नाणं घरंगळत कपाटाखाली गेलं. जाऊबाई अर्ध्या वाकल्या आणि "आई गं!" करून तिथेच थांबल्या.

मी खाली बसले, आडवी झाले, हात घालून नाणं काढलं आणि कशालाही न धरता उठले.

जाऊबाई स्वतःच्या कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ती नऊवारी... मला होईल का गं?"

"होईल की," म्हटलं, आणि नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. चार हजार पुरे झाले.