चुन्याच्या भिंती

हसायचं तर आत्ताच पोटभर हसून घ्या. कारण मी स्वतः आखलेल्या पॅसेजमध्ये मी स्वतःच अडकले! तेही खुर्चीसकट, अख्ख्या कॉलनीसमोर!

आमची मुलुंडची वसाहत, सरकारने कधीकाळी बांधून विकलेली. तीन मजली जुन्या बिल्डिंगा, आता पुनर्विकासाला निघालेल्या. नवीन घरं कशी हवीत, ते सोसायटीने सोमवारी आर्किटेक्टला लिहून द्यायचं होतं. एकदा दिलं की संपलं, पुढे बदल नाही.

कमिटीत मी एकटीच तरुण. त्यात नगररचना शिकलेली! 'माणसं जोडणाऱ्या वस्त्या' यावर कॉलेजात माझं प्रेझेंटेशन गाजलं होतं. बाकी सगळे साठीपुढचे. यांच्या मीटिंगचा अर्धा वेळ पंखा किती नंबरवर ठेवायचा यातच जातो.

माझी सूचना साधी होती. पॅसेज चार फुटी करा, वाचलेली जागा प्रत्येकाच्या हॉलला द्या.

"पॅसेज रुंदच होयो," तावडेकाका म्हणाले. काका आमचे सेक्रेटरी. गिरणी सुटली, मालवणी सुटली नाही.

"काका, पॅसेजमध्ये राहतं कोण?"

"आमी सगळेच थंय रवतंव गो!"

घ्या! यांना कागदावरचा नकाशा कळत नाही, असं मी ठरवून टाकलं. रविवारी सकाळी चुना घेतला आणि खालच्या मैदानात अख्खा मजलाच आखला. खऱ्या मापाचा. चार घरं, मधोमध चार फुटी पॅसेज, टोकाला काटकोनात वळून जिना. काय झकास दिसत होता!

सगळे जमले तशी मी ओरडले, "ही रेष म्हणजे भिंत! कोणी ओलांडायची नाही. दारातूनच आत जायचं. समजलं?"

समजलं. फारच समजलं!

काकांनी 'दारा'बाहेर चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. फिलूमावशी समोरच्या घरात राहते. ती प्लॅस्टिकची खुर्ची आणि वालाच्या शेंगा घेऊन आली आणि पॅसेजमध्येच सोलत बसली. रोज बसते तशीच.

"मावशी, ही येण्याजाण्याची जागा आहे!"

"मग ये-जा ना. मी कुठं धरून ठेवलंय तुला?"

मी तरातरा निघाले. पाय कुणाच्या तरी चपलेत अडकला आणि मी भिंतीतून आरपार थेट तावड्यांच्या स्वयंपाकघरात आडवी!

"बिल्डिंग उभी रवच्या आधीच भिंत पाडलंस गो!" काका म्हणाले.

घोटा टम्म सुजला. आई धावत आली. मला मावशीच्या खुर्चीत बसवलं, चौघांनी चार पाय धरले आणि वरात चुन्याच्या जिन्याकडे निघाली. वळणावर खुर्ची थांबली. पुढचे वळले, मागच्यांना जागाच नाही.

"अहो, रेषेवरून न्या ना!"

"भिंत आहे ती," आई म्हणाली. माझी सख्खी आई!

"आई, तो चुना आहे! पाय दुखतोय माझा!"

"तूच म्हणालीस, ओलांडायची नाही."

त्यांनी खुर्ची तिरकी करून पाहिली, उलटी फिरवून पाहिली. नाहीच वळली. शेवटी मला तिथेच खाली ठेवलं, कुणीतरी बर्फ आणला, मावशीने सोललेल्या वालाचं पातेलं माझ्या मांडीवर दिलं आणि मीटिंग सुरू झाली. माझ्याभोवती. पॅसेजमध्ये!

काका माझ्याजवळ वाकले. या वेळी आवाज हळू होता. "माझ्या बायकोक अटॅक इलो, तेव्हा असाच खुर्चेतून खाली नेलंव. आपलो जुनो पॅसेज रुंद होतो म्हणून वाचली ती."

पॅसेज रुंद करायला पहिला हात मी वर केला. हॉल थोडे लहान झाले, कोणी कुरकुरलं नाही. उलट दर मजल्यावर बसायला एक कट्टाही वाढवून मागितला. आर्किटेक्टने दोन्ही मान्य केलं! सांगताना आजही माझी छाती फुगते. नाहूरच्या एका सोसायटीने तर मैदानात नकाशा आखायला मला बोलावून नेलं.

फक्त एकच झालं. सोसायटीचं पत्र काकांनी माझ्या नकळत लिहिलं आणि तेच आता नकाशाला जोडून फाइलमध्ये कायमचं बसलंय. त्यात फुटांचा उल्लेखच नाही. लिहिलंय: 'पॅसेजची रुंदी एक खुर्ची, ती उचलणारी चार माणसे आणि खुर्चीत ओरडणारी एक शिकलेली मुलगी सहज वळेल इतकी असावी.'