अर्धं वावर उभं असताना

दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजमधून घरी येते ती दोन पिशव्या घेऊन. एकीत कपडे, दुसरीत जुनी जाडजूड पुस्तकं. बाभुळगावच्या स्टँडवर घ्यायला आलेली आई नेमकी दुसरी पिशवी उचलते, तोंड वाकडं करते आणि म्हणते, "एवढ्या वजनाची सरकी आनली असती तं ढोराईनं खाल्ली असती."

यंदा त्याच पिशवीनं आमचा कापूस वाचवला. जवळजवळ बुडवलाही होता, पण ते पुढे.

पऱ्हाटीची बोंडं पांढरीशुभ्र फुटली होती. आभाळ भरून येत होतं आणि वेचायला बाया मिळत नव्हत्या. धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधाला लागून वावर असलेल्या काकांनी त्यांना आणायला ऑटो लावला होता, वर दुपारचे आलूबोंडे. आमच्याकडे नुसता काळा चहा. आईने गावभर फिरून चारसहा जणी कशाबशा गोळा केल्या, त्याही एका दिवसापुरत्या.

वेचता वेचता कंटाळा आला म्हणून मी त्यांना अभ्यासातली कादंबरी सांगायला लागले. बर्फाच्या देशातली, आपल्या पणजीच्याही आधीची. एका मुलीचा होणारा नवरा लढाईवर जातो, त्याची पत्रं तिची मावशी दडवून ठेवते, आणि मुलगी रोज वेशीवर जाऊन त्याची वाट बघते. मागे रेंगाळणाऱ्या बाया भराभर हात चालवून माझ्या बरोबरीला यायला लागल्या, नाहीतर ऐकू येईना. संध्याकाळी कमरेला बांधलेल्या ओटीतला कापूस रिकामा करताना बायांमधल्या थोरल्या काकूंनी विचारलं, "मंग, ते पत्र सापडते का तिले?"

"उद्या सांगतो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या हजर. तिसऱ्या दिवशी तर पलीकडच्या ऑटोतून उतरून दोघी आमच्याकडे वळल्या. अभिजात साहित्य म्हणजे काय, याच्या व्याख्या आम्हाला वर्गात लिहून दिल्या आहेत. जे आलूबोंड्यांना भारी पडतं ते, ही व्याख्या त्यात घालायला हरकत नाही.

पण मी पडले साहित्याची विद्यार्थिनी. चौथ्या दिवशी दुपारी गोष्टीच्या भरात वाहवत गेले आणि पुस्तकात आहे तसं त्या मुलीला थंडीतापानं मारून टाकलं. संध्याकाळी ओट्या रिकाम्या करून, पुढे काय ते न विचारताच बाया घरी गेल्या.

आई भडकली. "अर्धं वावर उभं हाये अन् तू तिले मारून टाकलं? दोन दिवस थांबता नाही आलं तुले?"

"पुस्तकातच हाये तसं."

"मंग पुस्तकालेच लाव उद्या वेचायले."

रात्रभर मला धड झोप नाही. सकाळी धुऱ्यावर उभी राहून मी रस्त्याकडे बघत होते, गोष्टीतली मुलगी वेशीवर उभी राहायची तशी. बाया आल्या. आल्या त्या भांडायलाच.

"तिले हळदीचं दूध कोनी देलं नाही का वो?"

"त्या मावशीले कोनी काही म्हनलंच नाही?"

दिवसभर तेच. हात चालत होते, तोंडं त्याहून जास्त. मग थोरल्या काकू ओटीत कापूस कोंबत म्हणाल्या, "माया नवरा पोरगी कडेवर असताना गेला, तो आलाच नाही. मी काय मेली? पोरीचं लगन केलं मी." आणि स्वतःच हसल्या. त्यांच्यामागून सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

दोन दिवसांनी, पऱ्हाटीची शेवटची ओळ वेचताना काकूंनीच गोष्ट पुरी केली. तो लढाईवरून परत येतो, दार वाजवतो. ती दार उघडते आणि म्हणते, "आला का? बस. चहा घे. मी वावरात चालली." पुस्तकातल्या शेवटापेक्षा मला हाच जास्त आवडला. परीक्षेत तसं लिहावं की नाही, ते अजून ठरत नाही.

कापूस कोरडा घरी आला. सुट्टी संपल्यावर स्टँडवर आईने पुस्तकांची पिशवी स्वतः बसमध्ये चढवली, तोंड वाकडं न करता.

"पुढच्या खेपेले याच्याहून जाड आनजो," ती म्हणाली. "अन् बाई जगते का मरते, ते पहिले शेवटचं पान पाहून घेजो."